लहान मुलांचं तुम्हीच बघा, मॅडम

पत्र लिहिणाऱ्या डॉक्टर ३४ वर्षांच्या आहेत. एम.एस., मग एम.सीएच. युरॉलॉजी (मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया), मग सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष, असं सगळं पार पाडून त्या मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी ६० खाटांच्या खासगी रुग्णालयात रुजू झाल्या आहेत. तिथे आधीपासून एक पुरुष युरॉलॉजिस्ट आहेत. संचालकांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, 'लहान मुलांचं तुम्हीच बघा, मॅडम. आईबाप बाईमाणसाकडे विश्वासाने येतात.' आणि मुलं खरंच येऊ लागली. रेसिडेन्सीत मुतखड्याची आणि प्रोस्टेटची ऑपरेशनं त्यांनी भरपूर केली, लहान मुलांची मात्र फार थोडी. काही ऑर्किडोपेक्सी (न उतरलेली वृषणाची गोटी खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन) स्वतःच्या हाताने, हायपोस्पॅडियास (लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असण्याचा जन्मजात दोष) दहा-बारा वेळा असिस्ट केलेला आणि दोनदा, सर समोर उभे असताना, स्वतः केलेला. आता १४ महिन्यांचा एक मुलगा आला आहे. लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाच्या जरा खाली, म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने सोपा प्रकार. आईवडील ऊसतोडीला जाणारे. 'दिवाळीनंतर आम्ही कारखान्यावर असू. त्याआधी करून टाका, मुंबई-पुणे आम्हाला झेपत नाही,' असं त्यांचं म्हणणं. संचालकांनी ऑपरेशनची तारीखही देऊन टाकली आहे. डॉक्टर विचारतात: 'पदवी आहे, कायद्याने मी हे करू शकते. मग झोप का लागत नाही? मी भित्री आहे का? की अजून एक वर्ष फेलोशिप करू? घराचं कर्ज आहे, मुलगी चार वर्षांची आहे, आणि आता पुन्हा विद्यार्थी व्हायचं?'

डॉक्टर,

आधी त्या मुलाचं बोलू, कारण तुमच्या करिअरचा निर्णय सहा महिने लांबला तरी कोणाचं काही बिघडत नाही. त्याचं ऑपरेशन तुम्ही एकटीने, तिथे, दिवाळीआधी करू नका. तारीख रद्द करा. ती रद्द झाल्याचं आईवडिलांना रिसेप्शनवरून कळू देऊ नका, तुम्ही स्वतः समोर बसवून सांगा.

भीती हे याचं कारण नाही. हायपोस्पॅडियासमध्ये पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते. आजूबाजूची कातडी कोणी हात न लावलेली, रक्तपुरवठा शाबूत, नवी मूत्रनळी झाकायला पुढची कातडी पुरेशी. टाके सुटले, फिस्टुला (लघवी झिरपणारं आडवाटेचं छिद्र) झाला, छिद्र आवळलं, तर दुसऱ्या ऑपरेशनला आधीचे वण घेऊन बसावं लागतं आणि त्यासाठीही निदान सहा महिने थांबावं लागतं. हात बसलेल्या सर्जनच्या मुलांनाही काही वेळा फिस्टुला होतोच. फरक इतकाच की त्याला तो कशाने झाला हे बहुतेक वेळा कळतं आणि पुढे काय करायचं तेही ठाऊक असतं. सोपा प्रकार म्हणून जो पुस्तकात असतो तो टेबलावर, कातडी वर सरकवून, कृत्रिम ताठरता आणून बघितल्यावर कधीकधी सोपा राहत नाही. बाक निघतो, मूत्रमार्गावरची कातडी कागदासारखी पातळ निघते. तिथे बेत बदलावा लागतो. दोन केसच्या अनुभवावर बेत बदलता येत नाही, ठरलेला बेत कसाबसा पार पाडता येतो.

दुसरं कारण ऊसतोडीचं. आठवड्याभराने लघवीसाठी घातलेली बारीक नळी काढायची, ड्रेसिंग बघायचं, मग महिन्याने, सहा महिन्यांनी लघवीची धार बघायची. तोवर हे कुटुंब कुठल्याशा कारखान्याच्या तळावर कोपीत राहत असेल, आईवडील पहाटेपासून फडात, आणि पोर सांभाळायला आठ वर्षांची बहीण. मुकादमाकडून उचल घेतलेली असणार, त्यामुळे मधेच परत येणं त्यांच्या हातात नाही. तेव्हा 'दिवाळीआधी करून टाका' ही त्यांची अडचण मला समजते, पण ऑपरेशननंतरचे सहा महिने त्यात बसत नाहीत. या ऑपरेशनसाठी साधारण ६ ते १८ महिने हे वय चांगलं मानतात. हंगाम संपून ते परत येतील तेव्हा मूल वीसेक महिन्यांचं असेल. काही बिघडत नाही. वीसाव्या महिन्यातलं नीट झालेलं ऑपरेशन चौदाव्या महिन्यातल्या घाईच्या ऑपरेशनपेक्षा केव्हाही बरं. आजी गावातच राहते का, मूल तिच्याकडे ठेवतात का, हेही विचारा. तसं असेल तर हंगामातही बेत जमू शकतो.

आणि पाठवायचं म्हणजे 'मुंबईला घेऊन जा' एवढं सांगायचं नाही. त्याला पाठवणं म्हणत नाहीत, ते अंग काढून घेणं झालं. ज्या बालशल्यचिकित्सकाकडे पाठवताय त्याला आधी फोन करा. ओपीडीचा वार, इमारत, भेटायच्या माणसाचं नाव चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी बोला. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच त्याची सुरुवात झाली, आणि जन्मजात दोष असलेली अंगणवाडी-शाळेतली मुलं शोधून पुढच्या उपचारांना पोचवणं हे त्यांचं कामच आहे. महात्मा फुले योजनेत बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आईवडिलांना खर्चाचा आकडा आधी कळला तर 'झेपत नाही' मधला अर्धा भाग गळून पडतो.

मग त्या सर्जनला विचारा: 'या केसला मी स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन टेबलाशी, तुमच्यासोबत उभी राहिले तर चालेल का?' बहुतेक जण हो म्हणतात. नळी तुम्ही काढा, पुढची तपासणी तुमच्याकडे ठेवा. मूल तुमच्या गावातलंच आहे. त्याची धार तुम्हीच बघणार, आणि फिस्टुला झाला तर पहिल्यांदा तुम्हालाच दिसणार. असं केलंत तर मूल पाठवूनही तुम्ही त्यातून शिकलेल्या असाल.

एक मात्र आजच बजावून सांगा: मधल्या काळात कोणीही, कुठल्याही कारणाने, त्याची सुंता करू नये. ती कातडी पुढे लागणार आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. तुम्ही विचारताय, मी तयार आहे का? जणू रेसिडेन्सीच्या दारातून बाहेर पडताना माणूस एक तर तयार असतो किंवा नसतो. मला वाटतं, तुमची झोप या मांडणीनेच उडवली आहे. तुम्ही काही ऑपरेशनांना पूर्ण तयार आहात, काहींना अर्ध्या, काहींना अजिबात नाही. तुमच्या सरांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांची यादी वेगळी.

आणि यात तुमचा आळस नाही. आपल्याकडे बहुतेक मेडिकल कॉलेजांत मुलांची मूत्रमार्गाची ऑपरेशनं पेडिॲट्रिक सर्जरीच्या विभागात जातात. युरॉलॉजीचा रेसिडेन्ट तीन वर्षांत मुतखडे, प्रोस्टेट, कॅन्सर, ट्रान्सप्लांट यांत बुडालेला असतो, आणि मुलांच्या केसला त्याचा हात लागला तर लागला. पेडिॲट्रिक सर्जरीवाल्यांची गोष्ट उलटी. हायपोस्पॅडियास त्यांच्याकडे येतो, पण दुर्बिणीतून खडे फोडण्याचा हात बसायला तेवढे खडे येत नाहीत. दोघांच्याही पदवीत मुलांचं युरॉलॉजी आहे आणि दोघांच्याही हातात ते अर्धं अर्धं आहे. त्यातून हायपोस्पॅडियास असिस्ट करून शिकणं फार अवघड. ऑपरेशनची जागाच अंगठ्याएवढी. सर आणि शिष्य दोघांचे हात त्यात मावत नाहीत. ६-०, ७-० चा, म्हणजे अगदी बारीक धाग्याचा टाका, डोळ्यांवर लूप्स, म्हणजे भिंगाचा चष्मा. लूप्समधून दिसतं ते फक्त सरांना, शिष्य समोर कातडीला लावलेला धागा धरून उभा असतो. असा धागा बारा वेळा धरला, त्याचं लॉगबुकमध्ये 'असिस्टेड १२' होतं.

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत युरॉलॉजीच्या रेसिडेन्टला प्रत्येक प्रकारच्या ऑपरेशनची किमान संख्या भरावी लागते. त्या यादीत ऑर्किडोपेक्सीचा आकडा अनेक वर्षं १० होता आणि हायपोस्पॅडियासचा ५. पाच हायपोस्पॅडियास करून कोणी हायपोस्पॅडियासचा सर्जन होत नाही हे तिथल्यांनाही माहीत होतं. म्हणून तिथे मुलांच्या युरॉलॉजीची फेलोशिप वेगळी आहे, आणि २००८ पासून त्यांच्या युरॉलॉजी बोर्डाने त्याचं प्रमाणपत्रही वेगळं केलं.

म्हणून एक काम करा. एका सुटीच्या दुपारी लॉगबुक काढा आणि मुलांची प्रत्येक केस नव्याने लिहा, पण 'केली' आणि 'असिस्ट केली' या दोन रकान्यांत टाकू नका. सर्जरी शिकवणारे लोक झ्विश स्केल वापरतात, त्याच्या चार पायऱ्या आहेत. सर करत होते आणि मी बघत होते, ही पहिली. मी करत होते पण पुढचं पाऊल कुठलं ते सर सांगत होते, दुसरी. मी करत होते आणि सर चांगल्या असिस्टंटसारखे मागून येत होते, तिसरी. सर नुसते ओटीत होते, चौथी. पुढे अजून एक रकाना आखा: ते मूल सहा महिन्यांनी मला दिसलं का? तुमच्या दोन हायपोस्पॅडियासची उत्तरं त्या रकान्यात काय येतात ते मला पत्रातून कळलं नाही, पण अंदाज आहे. रेसिडेन्ट ऑपरेशन करतो आणि पोस्टिंग बदलून जातो, फिस्टुला घेऊन मूल येतं तेव्हा ओपीडीत दुसराच कोणी बसलेला असतो. त्यामुळे आपलं सगळं छान झालं असं वाटत राहतं.

एवढं झालं की ऑपरेशनं वेगळी करायला घ्या. माझ्या हिशेबाने तुमच्यासारखीची विभागणी साधारण अशी होईल.

जांघेत हाताला लागणारी, दोन-तीन वर्षांच्या पुढच्या मुलाची न उतरलेली गोटी तुम्ही करा, ऑर्किडोपेक्सी तुम्हाला येते. पण मुलं तुमच्याकडे फार उशिरा येतात, त्यावर काम करा. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी साधारण ३ टक्क्यांना जन्मतः गोटी खाली नसते. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांची आपोआप उतरते. सहाव्या महिन्यानंतर उतरण्याची आशा फारशी नसते, आणि ऑपरेशन वर्षाच्या आसपास, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत व्हायला हवं. गावातल्या बालरोगतज्ज्ञांना हे सांगायला एक चहा पुरे. हाताला न लागणाऱ्या गोटीसाठी मात्र सोनोग्राफ्या करत बसू नका, त्याने निर्णय बदलत नाही. त्या मुलाला लॅप्रोस्कोपी लागते आणि ती करणाऱ्याकडेच ते जावं. दोन्ही गोट्या हाताला लागत नाहीत आणि सोबत हायपोस्पॅडियासही आहे, असं बाळ आलं तर चाकूचा विचारच नको. आधी गुणसूत्रं आणि हॉर्मोन्स. काही बाळांत अशा वेळी मिठाचं प्रमाण ढासळून जिवावर बेतू शकतं.

हर्निया आणि हायड्रोसील (गोटीभोवती पाणी साठणं) तुम्हाला क्षुल्लक वाटतील, कारण जनरल सर्जरीत ते ढिगाने केले. मुलाच्या हर्नियात जाळी नाही, फक्त पिशवी वर बांधायची, हे तुम्हाला माहीत आहेच. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हर्निया असेल आणि गर्भधारणेपासून मोजलेलं वय ६० आठवड्यांच्या आत असेल, तर भूल उतरल्यावर रात्री त्याचा श्वास थांबू शकतो. ऑपरेशन अर्ध्या तासाचं आणि देखरेख रात्रभराची. तुमच्या रुग्णालयात ती रात्र कोण जागणार? उत्तर नसेल तर केस तुमची नाही, हात कितीही चांगला असो.

खड्यांचं तसंच. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा खडा तुम्ही काढाल, बारीक स्कोप असेल तर. पण आठ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं किलोला ८० मिलि या हिशेबाने सुमारे ६४०. मोठ्या माणसाच्या पीसीएनएलमध्ये (पाठीतून दुर्बीण घालून किडनीतला खडा काढताना) १०० मिलि गेलं तर आपण मान वर करत नाही, इथे तो जवळजवळ सहावा हिस्सा झाला. शिवाय कोमट न केलेलं सलाइन आत सोडलंत तर बाळ टेबलावर थंड पडतं. वजन उतरलं की तुमचा मोठ्यांमधला अनुभव तेवढाच उतरतो असं धरून चाला. तान्ह्या बाळाच्या पायलोप्लास्टीलाही (किडनीच्या तोंडाशी अडलेली वाट मोकळी करण्याचं ऑपरेशन) हेच, आणि तिथे तर आधी ऑपरेशन लागतं का हाच प्रश्न असतो. गर्भातल्या सोनोग्राफीत दिसलेली किडनीची सूज कित्येक बाळांत नुसतं लक्ष ठेवून निवळते.

पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्हचं, म्हणजे मूत्रमार्गात लघवी अडवणारी झडप असलेलं नवजात बाळ आलं, तर तुमचं काम झडप जाळायचं नाही. बारीक फीडिंग ट्यूब घालून मूत्राशय मोकळं करायचं, सलाइन, क्रिएटिनीन, अँटिबायोटिक बघायचं आणि बाळ स्थिर करून हलवायचं. हे तुम्ही उत्तम कराल. एक्स्ट्रॉफी (मूत्राशय पोटाबाहेर उघडं असण्याचा जन्मजात दोष) तर संपूर्ण देशात मोजक्या ठिकाणी व्हावी असं ऑपरेशन आहे. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये परदेशातल्या तज्ज्ञांचा गट दरवर्षी येऊन तिथल्या सर्जन्सबरोबर अशा मुलांची ऑपरेशनं करतो. मुरलेले सर्जनसुद्धा या ऑपरेशनला एकटे जात नाहीत.

आणि सुंता. सगळे हिला सोपी समजतात आणि मला तीच जास्त खटकते. तीन वर्षांच्या मुलाची कातडी मागे सरकत नाही हे बहुतेक वेळा वयाचं लक्षण आहे, आजार नाही, त्यामुळे निम्म्या केस तर मलमाने किंवा काहीच न करता परत जायला हव्यात. ज्याला लागते त्याला करा, पण मोनोपोलर कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं साधन, ज्याचा करंट अंगातून जातो) हातात घेऊ नका, बायपोलर मागा, तिच्यात करंट चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो. बायपोलर नाही असं सिस्टर म्हणाल्या, तर धागा वापरा. एवढ्या बारीक अवयवात करंट मुळापर्यंत गेला तर जे होतं ते दुरुस्त करता येत नाही.

पाठवता येत नाही अशी गोष्ट एकच, आणि नेमकी तिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. गोटीला पीळ, टॉर्शन. पहाटे तीनला चौदा वर्षांचा मुलगा पोट धरून येतो, लाजेने खरी जागा सांगत नाही. पीळ पडल्यापासून साधारण सहा तासांत सोडवला तर गोटी वाचण्याची आशा चांगली. त्याला संभाजीनगरला पाठवलंत तर ती रस्त्यातच गेली. डॉपलर सोनोग्राफीवाला उठेपर्यंत थांबायचं नाही. संशय पक्का असेल तर उघडायचं, पीळ काढायचा, दोन्ही बाजू टाक्यांनी बसवायच्या. मुलांच्या अनुभवाची इथे अट नाही, युरॉलॉजीची पदवीसुद्धा लागत नाही, जनरल सर्जननेही करावं. भूलतज्ज्ञ आणि ओटीचा स्टाफ यांच्याशी आत्ताच ठरवून ठेवा की असा मुलगा आला तर फोन आल्यापासून किती मिनिटांत टेबलावर जाईल. मुलांसाठी तुम्ही तयार आहात की नाही हे तुमच्या गावात या एका आजारावरून ठरेल, हायपोस्पॅडियासवरून नाही. कॅज्युअल्टीतल्या ज्युनियर डॉक्टरला शिकवा: पोट दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाची चड्डी खाली करून बघायची.

आता संचालकांचं ते वाक्य. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं असेल, मला ते हिशेबाचं वाटतं. मुलं तुमच्याकडे वळवली की पुरुष रुग्ण, म्हणजे प्रोस्टेट आणि खडे, आपोआप दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. ज्या कामात तुमचा हात बसला आहे ते कमी होणार आणि ज्यात बसलेला नाही ते वाढणार. दोन वर्षांत दोन्हीकडून तुमचंच नुकसान. बाई आहे म्हणून मुलं सांभाळता येतील, या समजुतीला सर्जरीत काही आधार नाही. आईला तुमच्याशी बोलायला सोपं जातं हे खरं आहे आणि ते मोलाचंही आहे, पण त्याचा फायदा ओपीडीत होतो, भूल दिल्यानंतर होत नाही. तुम्हाला भीती आहे की नकार दिला तर 'बाईने कच खाल्ली' म्हणतील. म्हणतील कदाचित. म्हणून तोंडी नकार देऊ नका, कागद द्या. एका पानावर लिहा: ही ऑपरेशनं मी इथे करते, ही पाहुणे सर्जन असताना करते, ही पाठवते. खाली तारीख टाका आणि सहा महिन्यांनी यादी पुन्हा बघणार असं लिहा. मोठ्यांच्या ओपीडीचे दिवस दोघांत समान वाटून घ्या, तेही करारात. मुलांची केस घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा राहील आणि तुम्हाला न विचारता तारीख दिली जाणार नाही, एवढी दोन वाक्यं त्या करारात नसतील तर तिथे पुढेही हेच होत राहील.

'पाहुणे सर्जन' हा मधला रस्ता तुम्ही विचारातच घेतलेला दिसत नाही. हायपोस्पॅडियास, ऑर्किडोपेक्सी, मोठ्या मुलाची पायलोप्लास्टी, यातलं काहीच रातोरात करायचं नसतं. केस जमवा. महिन्यातून एक शनिवार ठरवून संभाजीनगर किंवा पुण्याहून एखादे बालशल्यचिकित्सक बोलवा. दिवसाला चार मुलं झाली तर त्यांनाही येणं परवडतं, रुग्णालयालाही आणि पालकांनाही. पहिल्या काही मुलांची ऑपरेशनं ते करतील, तुम्ही लूप्स घालून समोर. लूप्स स्वतःच्या विकत घ्या, इतरांच्या डोळ्यांच्या मापाच्या घालून काही दिसत नाही. मग कातडी शिवणं तुमचं, मग डार्टॉसचा (कातडीखालच्या पातळ थराचा) पडदा उचलणं तुमचं, मग मूत्रनळी घडवणं तुमचं. बिल कोणाच्या नावाने होईल यावर भांडू नका. वर्षभराने तुमच्याकडे तिसऱ्या पायरीवरच्या केस असतील आणि प्रत्येकीची धार तुम्ही स्वतः बघितलेली असेल. यासाठी भूलतज्ज्ञही तसा हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला शेवटचा कॉडल ब्लॉक (पाठीच्या तळाशी सुईने दिलेली भूल) कधी दिलात, हे त्यांना सरळ विचारा. त्यांचं उत्तर डळमळीत आलं तर शनिवारी पाहुणे भूलतज्ज्ञही बोलवा.

पालकांना काय सांगायचं, हा अनेक तरुण सर्जन्सचा प्रश्न असतो. खरं तेच सांगा, साध्या शब्दांत: 'हे ऑपरेशन मला येतं, पण याचा रोजचा हात ज्यांचा आहे ते अमुक दिवशी इथे येतात. पहिल्यांदाच नीट झालेलं बरं, म्हणून त्यांच्यासोबत करू.' आपल्याकडे लोक याने पळून जातात असा समज आहे. मी उलटं पाहिलंय. त्याच घरातली पुढची तीन माणसं तुमच्याकडे खडे घेऊन येतात.

अजून रेसिडेन्सीत असलेल्या मुलामुलींसाठीही एक गोष्ट. सरांना 'मला केस द्या' म्हणू नका, एक पाऊल मागा. 'या वेळी कृत्रिम ताठरता मी करते', 'आज ग्लान्स (शिश्नाचं टोक) मी शिवतो'. असं मागितलं की सर देतात, कारण तेवढ्याने टेबलावरच्या मुलाला धोका नसतो. पेडिॲट्रिक सर्जरी विभागात एक महिना मागून घ्या, आणि तिथे ओटीच्या आधी फॉलोअपच्या ओपीडीत बसा. बिघडलेल्या केस तिथेच दिसतात.

राहिली फेलोशिप. तुम्हाला मुलांचंच युरॉलॉजी करायचंय का? पत्रात हे कुठेच नाही. संचालकांनी ढकललं म्हणून मुलं आली आणि आली म्हणून फेलोशिप, असं असेल तर नको. वर्षभर घर सोडून, निम्म्याहून कमी पैशांत, चार वर्षांची मुलगी आजीकडे ठेवून हे करायचं तर ओढ तुमची हवी. शनिवारांचं वर्ष आधी काढा. त्यात त्या अंगठ्याएवढ्या जागेत रमलात, घरी येऊनही तेच डोक्यात राहिलं, तर बिनधास्त जा, ३५ हे काही वय नाही. नाहीतर परळच्या वाडियासारख्या फक्त मुलांच्या रुग्णालयात दोन-तीन महिने निरीक्षक म्हणून बसता येईल का बघा. ऑर्किडोपेक्सी, हर्निया आणि 'कुणाला पाठवायचं' हे कळायला तेवढं पुरतं.

आणि फेलोशिप निवडायची वेळ आलीच, तर माहितीपत्रकातले आकडे वाचू नका. वर्षाला तीनशे हायपोस्पॅडियास होत असतील आणि त्यावर चार फेलो, दोन सिनियर रेसिडेन्ट आणि एक निवृत्तीला न आलेले सर असतील, तर तुमच्या वाट्याला पुन्हा तो धागा धरणंच येईल. तिथल्या सध्याच्या फेलोला फोन करा आणि विचारा, गेल्या महिन्यात किती केसमध्ये चाकू तुमच्या हातात होता? उत्तर द्यायला तो फार वेळ घेऊ लागला, तर दुसरीकडे अर्ज करा.